बहिऱ्यांच्या मंडळीत जखऱ्या

काशीत मोक्ष कानावाटे येतो. मरणाऱ्याच्या उजव्या कानात साक्षात विश्वनाथ तारकमंत्र सांगतो आणि ऐकणारा जन्ममरणातून सुटतो, अशी तिथली श्रद्धा. आमच्या घरचा रस्ताही फारसा वेगळा नाही. विश्वास ऐकण्यातून येतो, असं पौल रोमकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायात सांगून गेला, आणि त्या एका वचनावर आम्हा पाळकांची अख्खी जमात पोसली गेली. मीही त्यातलाच. नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांमध्ये रविवारमागून रविवार उपदेश केले, लग्नं लावली, माणसं मातीआड करताना दोन शब्द बोललो. घसा हेच माझं अवजार. मग ज्याचे कान जन्मापासूनच बंद आहेत, त्याचं काय? धर्मशास्त्राच्या वर्गात हे आम्हाला कोणी विचारलं नव्हतं, आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

हा प्रश्न समोर आला बनारसला, तोही मी मौन धरायला गेलो असताना.

पाळकाने मधूनमधून कामाबाहेर पडून एकांतात बसावं अशी आमच्यात रीत आहे. सगळे तिला सरळ 'रिट्रीट' म्हणतात आणि बहुतेक जण पाचगणी-महाबळेश्वर गाठतात. मी काशी धरली ती नीलकंठशास्त्री गोऱ्ह्यांपायी. १८२५चा जन्म, कोकणस्थ ब्राह्मण घराणं, सगळी वाढ काशीत. विल्यम स्मिथ नावाचा मिशनरी तिथे उपदेश करत फिरायचा. त्याची मतं खोडून काढायला हा तरुण पंडित गेला आणि वाद घालता घालता स्वतःच हलला. १८४८ साली जौनपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पुढे 'षड्दर्शनदर्पण' लिहून सहाही दर्शनांशी भांडण मांडलं. पंडिता रमाबाईंच्या धर्मविचारावर त्यांची छाप आहे. त्यांची लेक एलन लक्ष्मी हीसुद्धा बनारसचीच, १८५३ची. तिने लिहिलेलं एक इंग्रजी भक्तिगीत देवाजवळच्या गुप्त एकांताबद्दल आहे आणि पुष्कळ ठिकाणी गायलं गेलं. बाप वाद घालणारा, मुलगी गीत रचणारी. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांचा वारसा असा सगळा वाणीचा. रेव्हरंड टिळकांपासून आजपर्यंत आम्ही गात आणि बोलत आलो आहोत.

कॅन्टोन्मेंटमधल्या एका जुन्या बंगल्यात खोली मिळाली. फोन बंद, वर्तमानपत्र बंद, बोलणं बंद. आता बनारसमध्ये मौन हा तसा विनोदच. पहाटे अजान, मग घंटा, मग भोंगे, दिवसभर ई-रिक्षांचे हॉर्न, रात्री वराती. माझं तोंड तेवढं गप्प होतं. डोक्यात तर जुने उपदेश पुन्हा पुन्हा वाजत होते, आणि त्यातले बरेचसे मला फारसे आवडत नव्हते. शनिवारी संध्याकाळी बंगल्याच्या खानसाम्याने हळूच विचारलं, उद्या आमच्या मंडळीत येता का? त्याची बायको कर्णबधिर आहे, तिच्याबरोबर तोही जातो. वर म्हणाला, ''चलिए पादरी साहब, वहाँ कोई बोलता ही नहीं. आपका मौन भी नहीं टूटेगा.''

त्या मंडळीचं नाव, पत्ता किंवा कोणाची ओळख इथे देत नाही. उत्तर प्रदेशात २०२१ पासून धर्मांतराविरुद्धचा कायदा आहे आणि घरगुती मंडळ्या प्रसिद्धीपासून चार हात लांब राहतात. तिचा पाळक स्वतः बहिरा, तिशीतला, पोटासाठी छापखान्यात नोकरी करणारा. माझ्यासाठी दुभाषी म्हणून एक कॉलेजात शिकणारी मुलगी बसली. तिचे आईबाप दोघेही बहिरे, ती ऐकणारी. म्हणजे कळायला लागल्यापासून घरचा दवाखाना, बँक, घरमालकाशी भांडण, सगळं तिच्याच तोंडून.

कोणी बोलत नाही, हे खानसाम्याचं म्हणणं साफ खोटं निघालं. इतकी बोलकी मंडळी मी पाहिलेली नाही. शांतताही नव्हती. खुर्च्या करकरत होत्या, लोक गळ्यातून येईल तसं हसत होते, खोलीच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईशी मधल्या सगळ्यांच्या डोक्यांवरून गप्पा मारत होती. पाळकाने दिव्याचं बटण दोनदा खालीवर केलं आणि सगळे वळले. भक्ती सुरू. खुर्च्या अर्धवर्तुळात, कारण समोरच्याची पाठ दिसली की बोलणं तुटलं. खिडकीकडे पाठ करून कोणी उभं राहत नाही. मागून उजेड आला की चेहरा काळा पडतो, आणि चेहरा गेला तर अर्धी भाषा गेली. नाताळच्या रात्री दिवे घालवून मेणबत्त्यांच्या उजेडात प्रार्थना करायची आम्हाला मोठी हौस. तिथे तसं करणं म्हणजे चालू उपदेशात माइक काढून घेणं.

पण मला सर्वांत नवल वाटलं ते प्रार्थनेचं. डोळे मिटून प्रार्थना करू या, हे वाक्य पाळकाच्या तोंडात इतकं बसलेलं असतं की झोपेतही निघेल. तिथे डोळे मिटणं म्हणजे प्रार्थनेतून उठून जाणं. सगळे डोळे उघडे ठेवून, प्रार्थना करणाऱ्याकडे बघत बसतात. आम्ही डोळे मिटतो ते एकाग्रतेसाठी असं लेकरांना शिकवतो. खरं सांगायचं तर मिटल्या डोळ्यांआड प्रत्येक जण आपापला असतो. शेजारचा रडतोय का पेंगतोय, पत्ता नसतो. तिथे एका बाईने थकलेल्या घरभाड्यासाठी प्रार्थना केली तेव्हा तिचा चेहरा सगळ्या मंडळीने पाहिला. पुढच्या आठवड्यात तिला कोणी विचारलं नसेल, असं होणंच शक्य नाही.

उपदेश जखऱ्यावर होता. लूकच्या पहिल्याच अध्यायातली गोष्ट. मी ती नाताळच्या आधी दरवर्षी सांगतो आणि चटकन जखऱ्याच्या मुलावर, योहानावर जातो. म्हातारा याजक धूप जाळायला मंदिरात जातो, गब्रीएल त्याला मुलगा होईल असं सांगतो, हा शंका काढतो आणि त्याची वाचा जाते. छापखान्यातल्या त्या तरुणाने गोष्ट तिथून उचलली जिथे आम्ही ती टाकून देतो. त्याने हवेत डावीकडे मंदिर उभं केलं, उजवीकडे बाहेर ताटकळलेली गर्दी. मग तो गर्दी झाला. मान उंचावून बघणारा, कंटाळलेला, शेजाऱ्याला कोपराने ढोसणारा. मग तो जखऱ्या झाला: दारातून बाहेर आलेला, आशीर्वाद द्यायला हात वर केलेला, तोंड उघडलेला, आणि काही निघेना म्हणून स्वतःच चक्रावलेला. मंडळी खो खो हसत होती. ऐकणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच हातांनी बोलावं लागतं तेव्हा तो किती बावळट दिसतो, याची त्यांच्याइतकी पारख कोणाला असणार! त्याने जखऱ्याची ती मोडकीतोडकी, ओबडधोबड खूण अशी काही करून दाखवली की दुभाषी मुलगी हिंदी सांगायचंच विसरली.

आणि मग हसणं थांबलं. कारण लूक पुढे लिहितो की लोकांना समजलं. जखऱ्याने आत दर्शन पाहिलं आहे, हे बाहेरच्या गर्दीला त्याच्या खुणांवरून कळलं. पाळकाने हे दोनदा सांगितलं. लूकच्या शुभवर्तमानात माणसाने माणसांना दिलेली पहिली बातमी खुणांनी दिलेली आहे, आणि ती पोचली आहे. शिवाय जखऱ्या तसाच आपल्या पाळीचे दिवस संपेपर्यंत मंदिराच्या सेवेत राहिला, मगच घरी गेला. वाचा गेली म्हणून याजकी गेली नाही.

पुढे बारशाचा प्रसंग. नातेवाईक मुलाचं नाव परस्पर ठरवून मोकळे. आई नाही म्हणते, तेव्हा बापाला खुणा करून विचारतात. खुणा करून, म्हणजे त्याला ऐकूही येत नसावं. इथे पुढच्या रांगेतल्या सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या. दुभाषी मुलीने हसत सांगितलं, प्रत्येकीच्या घरी हेच झालंय. नवऱ्यामुलाला पसंत करण्यापासून पोरांच्या नावापर्यंत सगळं ऐकणाऱ्यांनी ठरवायचं आणि शेवटी हिला फक्त हातवारे करून कळवायचं.

चहाच्या वेळी मी मौन मोडून पाळकाला म्हटलं, पण जखऱ्याची वाचा गेली ती शिक्षा होती ना? त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. शिक्षा बोलणाऱ्याला, त्याने सांगितलं. आम्ही कोणावर अविश्वास दाखवला होता? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांधाबद्दल येशूला तेच विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं, आणि येशू तो प्रश्नच मोडून काढतो. तरी आपण तो विचारत राहतो, फक्त आवाज खाली करून.

मग त्याने मला विचारलं, बनारसला कशाला आलात? मौन धरायला, म्हटल्यावर त्याला हसू आवरेना. गप्प बसायला एवढ्या लांब? आणि मग हात का नाही बांधले? मी विचारलं, तुला कधी एकांत लागतो का? लागतो, म्हणाला. सगळा दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ येत राहतात, कोणाची मुलाखत, कोणाचं भांडण, डोळे दमतात. मग तो सारनाथला जातो आणि धमेक स्तूपाकडे तोंड करून, लोकांकडे पाठ करून बसतो. एकही हलता हात दिसत नाही, अशी जागा. ते त्याचं मौन. घरी मात्र दुसरं एक मौन होतं, त्याने सांगितलं. लहानपणी सगळे जेवायला बसायचे, आठ-दहा तोंडं हलायची, मध्येच सगळे हसायचे. काय झालं म्हणून आईचा पदर ओढला की ती म्हणायची, काही नाही, नंतर सांगते. ते नंतर कधी आलं नाही.

या दोन मौनांत आम्ही धार्मिक लोकांनी कधी फरक केलेला नाही. मौनाची थोरवी गाणारे सगळे, ऋषीमुनी धरा, वाळवंटातले ख्रिस्ती तपस्वी धरा नाही तर माझ्यासारखे रिट्रीटवाले, पोटभर बोलून झालेले असतात. भाषा ज्याच्या मालकीची आहे त्यालाच ती खाली ठेवता येते. ज्याच्या हाती ती कोणी दिलीच नाही, त्याच्या गप्प बसण्याला साधना म्हणणं ही चेष्टा आहे, आणि आम्ही ती फार गोड शब्दांत करत आलो आहोत.

त्यात थोरामोठ्यांचाही हात आहे. संत ऑगस्टीनने पौलाचं तेच वचन पुढे करून म्हटलं की जन्मजात बहिरेपण विश्वासाच्याच आड येतं. गंमत अशी, की याच ऑगस्टीनने दुसऱ्या एका ग्रंथात मिलान शहरातल्या एका देखण्या बहिऱ्या तरुणाची आठवण काढली आहे, जो खुणांनी सगळं बोलत असे. डोळ्यांनी पाहिलेलं एक आणि सिद्धांत दुसराच, हा विद्वानांचा जुना रोग. आणि त्याच मिलानमध्ये १८८० साली बहिऱ्यांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिने हातांची भाषा वर्गातून हद्दपार केली. मत देणाऱ्यांत बहिरा माणूस एकच होता. नंतर जगभर पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या हातांवर छड्या बसल्या, ओठ हलवायला शिका म्हणून. २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेने ते ठराव नाकारले. आपल्याकडे मुंबईत बिशप लिओ म्युरिन यांनी बहिऱ्या मुलांची शाळा काढली तीही त्याच १८८०च्या दशकात. देशातली ती पहिली मानतात. भारतीय सांकेतिक भाषेसाठी सरकारी संस्था दिल्लीत उभी राहायला मात्र २०१५ उजाडलं, आणि २०१८ साली तिचा पहिला शब्दकोश आला, ३००० शब्दांचा.

मराठी माणसाला हे सगळं ओळखीचं वाटायला हवं. एकनाथांनी भागवतावरची टीका काशीतच पुरी केली, १५७३ साली, आणि देवाची गोष्ट प्राकृतात सांगणं हा तिथल्या पंडितांना अपराध वाटला, असं परंपरा सांगते. अमुक भाषा देवाच्या लायकीची नाही, हे ऐकून घेतलेली आपली भाषा. आज त्या भाषेत आम्ही व्यासपीठावरून तासतासभर बोलतो आणि मागच्या बाकावर बसलेल्या बहिऱ्या माणसाला वाटतं, काही नाही, नंतर सांगतील.

उजेडाच्या गोष्टीही आहेत, नाही असं नाही. इंग्लंडात लेस्टरच्या एका चर्चच्या नोंदवहीत १५७६ सालचं एक लग्न आहे. नवरा टॉमस टिल्सी बहिरा. शपथ बोलणार कशी? त्याने आधी वधूला मिठी मारली, हात हाती घेतला, अंगठी घातली, छातीवर हात ठेवला, मग आकाशाकडे हात उचलले. आणि मरेपर्यंत साथ देईन हे सांगायला त्याने डोळे मिटले, पायाने जमीन उकरल्यासारखं केलं आणि घंटेचा दोर ओढल्याची खूण केली. ज्याने घंटा कधी ऐकली नाही त्याने मरणाची घंटा अशी वाजवली, आणि लिहिणाऱ्याने ती नोंदून ठेवली. पाळक म्हणून मी सांगतो, माझ्यासमोर लागलेल्या किती लग्नांत शपथेचा अर्थ इतका कळलेला होता, देव जाणे. अलीकडचंच बघायचं तर २ मे २०२४ रोजी केरळात त्रिशूरला फादर जोसेफ थेर्मादोम यांची गुरुदीक्षा झाली, भारतातले पहिले कर्णबधिर कॅथलिक धर्मगुरू. कोरियात मिन सो पार्क २००७ मध्येच धर्मगुरू झाले होते.

बनारसच्या त्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी मी मुद्दाम जवळ उभा राहिलो. आम्ही भाकर हातात धरूनच वचन बोलतो. हात गुंतलेले, तोंड मोकळं. तिथल्या पाळकाला ते शक्य नाही. त्याने भाकर उचलली, सगळ्यांना दिसेल अशी फिरवली आणि ताटात परत ठेवली. मग मोकळ्या हातांनी सांगितलं, हे माझं शरीर. मग पुन्हा उचलून मोडली. प्याल्याचंही तसंच. दाखवणं, सांगणं, मोडणं, एकात एक न मिसळता, एकामागून एक. विधी लांबला, पण कोणाला घाई नव्हती. खानसाम्याच्या बायकोने माझ्याकडे भाकरीचं ताट देताना काहीतरी सांगितलं, ते मला कळलं नाही, आणि तिने ते न कंटाळता पुन्हा सांगितलं.

तिथे साड्यांवर जरीकाम करणारे एक वयस्क गृहस्थ होते. घरचे हिंदू, मुलाबरोबर भजनाला येतात, दोन्हीकडे जातात. त्यांना मी दबकतच तारकमंत्राचं विचारलं. काशीत मरण आलं तर तुम्हाला ते कसं कळणार? दुभाषी मुलीला प्रश्न सांगायलाही संकोच वाटला. ते मात्र खुशीत आले. त्यांनी डमरू वाजवला, जटा दाखवल्या आणि तर्जनीने मला वेड्यात काढलं. तिने भाषांतर केलं: ''भोलेनाथ बनारस के हैं गुरु, इशारा समझते हैं.''

आता राहिला बरं होण्याचा प्रश्न. तो टाळून पुढे जाता येत नाही, कारण मार्कच्या सातव्या अध्यायात येशू बहिऱ्याचे कान उघडतो, आणि आमची माणसं हाच भाग घेऊन बहिऱ्यांच्या मागे लागतात. त्या मंडळीतल्या एका मुलाला कोणीतरी चंगाई सभेत व्यासपीठावर नेलं होतं, कानात बोटं घालून ओरडले, आणि काही झालं नाही तेव्हा विश्वास कमी पडला म्हणून खाली उतरवलं. त्याने हे हसत सांगितलं, पण पुन्हा कोणाला तो कानाला हात लावू देत नाही. पाळकाचं म्हणणं, मार्क नीट वाचा. येशूने त्या माणसाला गर्दीतून बाजूला नेलं, तमाशा होऊ दिला नाही. आधी कानात बोटं घातली, जिभेला हात लावला, आकाशाकडे पाहिलं, सुस्कारा टाकला, आणि सगळ्यात शेवटी बोलला. इफ्फाथा, म्हणजे 'मोकळा हो', असं म्हणण्याआधी तो त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलून घेतो. हे मला पटलं, आजही पटतं.

पण एका आजींना ते पटलं नाही. त्यांनी उठून सरळ सांगितलं की मला ऐकायचं आहे. नातू बोलायला लागलाय, सगळे म्हणतात फार गोड बोलतो, तुमचं शास्त्र तुमच्यापाशी ठेवा. पाळक म्हणाला, नातवाला हात शिकवा. आजी म्हणाल्या, शिकवतेच आहे, तरी ऐकायचं आहे. दोघांत जुंपली. दुभाषी मुलगी इकडे बघू का तिकडे अशा अवस्थेत, मला एक हाताचं सांगेपर्यंत दुसऱ्याचे दोन हात होऊन गेलेले.

शेवटी आजींनीच मला मध्ये ओढलं. तुम्ही शिकलेले पाळक ना? मग सांगा, कान उघडल्यावर तो माणूस पहिलं काय बोलला? मी म्हटलं, मार्क लिहितो की तो नीट बोलू लागला, काय बोलला ते लिहीत नाही. हे काही त्यांना उत्तर वाटलं नाही. मग खोलीभर अंदाज सुरू झाले. एकीचं मत, आईला हाक मारली असेल. जरीकाम करणाऱ्यांनी सांगितलं, आधी गर्दीला म्हणाला असेल, हळू बोला रे. चंगाई सभेतला मुलगा म्हणाला, तो काहीच बोलला नसेल, धावत जाऊन आपल्या बहिऱ्या दोस्तांना हातांनी सांगितलं असेल. त्यावर आजींनी त्याच्याकडे बोट रोखून असं काही सांगितलं की सगळी खोली हसली आणि दुभाषी मुलीने मला ते सांगायला ठाम नकार दिला. खानसाम्याने घड्याळ दाखवलं; बंगल्यावर त्याला बारा जणांचा स्वयंपाक करायचा होता, आणि इथे अजून कोणी उठायला तयार नव्हतं.